कडेला बसलेली आत्या

हर्षल हे लिहिणारच नव्हता. घरातलं घरात राहावं असं त्याच्या मम्मीचं, मालनचं म्हणणं, आणि यात तर घरातल्या सगळ्यांचीच थोडी थोडी शोभा होते. त्याचीही. पण त्या दिवशी कुसाआत्या सकाळी मेली आणि दुपारी जिवंत झाली, आणि पुढच्या आठवड्यात जो तो ही गोष्ट आपल्या सोयीनं सांगायला लागला. बहीण तेजू एक सांगायची, पप्पा दुसरंच. हर्षलनं काढलेल्या आत्याच्या चित्राचं तर कुणी नावच घेईना. शेवटी त्यानं दुकानात काम नसलं की मोबाइलवर टाइप करायला घेतलं, जमेल तसं, तुकड्या-तुकड्यानं.

त्या सकाळी चित्र हॉलमध्ये सोफ्याला टेकवून ठेवलं होतं, वर चादर. संध्याकाळी गच्चीवर आत्याचा अभीष्टचिंतन सोहळा होता. आत्याला ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. आत्या म्हणजे हर्षलच्या आजोबांची, कारभारीअण्णांची मोठी बहीण. पण पप्पा तिला आत्या म्हणायचे म्हणून सगळं घरच आत्या म्हणायचं. विंचूरहून भाऊकी येणार होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या या बंगल्यात पप्पांनी आजवर जे काही केलं ते दणक्यातच केलं होतं, त्यामुळे केटरर, मांडव, गेटवर फ्लेक्स, सगळं जागच्या जागी होतं.

फ्लेक्स हर्षलनंच बनवला होता. पंचवटीत मनोजच्या फ्लेक्सच्या दुकानात तो डिझाइनला बसतो. या धंद्यात त्याला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळली. म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा धड फोटो कुठल्याच घरात नसतो. आधारकार्डावरचा असतो, तो बघवत नाही. मग लोक लग्नाचा ग्रुप फोटो आणतात आणि म्हणतात, यातून आमची आजी काढून द्या. हर्षल काढून द्यायचा. आजी निघते, पण खांद्यावर कुणाचा तरी हात राहतो. तो पुसावा लागतो. मांडीवरचं पोर पुसावं लागतं. मग मागं निळं आभाळ टाकलं की वाढदिवस, पांढरे ढग टाकले की श्रद्धांजली. माणूस आयुष्यभर गर्दीत राहिला असला तरी फ्लेक्सवर एकटाच हसतो. आत्याचा फोटोही पप्पांच्या लग्नातला होता, आणि तिच्या खांद्यावरचा हात कुणाचा ते पुसेपर्यंत हर्षलनं बघितलंही नव्हतं.

त्याचाच कंटाळा येऊन त्यानं ठरवलं होतं की एक तरी म्हातारं माणूस समोर बसवून काढायचं. चित्रकला तो कुठं शिकला नव्हता. मोबाइलवर बघून बघून हात बसला होता. परदेशातली जुनी चित्रं त्यानं बघितली होती. त्यातली म्हातारी माणसं काळोखात बसलेली, एकाच बाजूनं उजेड, हातात पुस्तक. आपल्याकडच्या जुन्या घरांतली बघितली होती, कोट-टोपी, एक हात टेबलावर, टेबलावर फुलदाणी, डोळे सरळ समोर. त्याला वाटलं होतं, म्हातारपण काढायचं म्हणजे सुरकुत्या काढायच्या. आठ दिवस त्यानं नुसत्या सुरकुत्या काढल्या. झकास आल्या. आणि चित्रात आत्या कुठंच नव्हती.

मग एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की आत्या खुर्चीच्या कडेवर बसते. पाठ टेकत नाही. मागं एवढी जागा मोकळी. हात गुडघ्यांवर, टाचा थोड्या उचललेल्या. कुणी आलं तर लगेच उठून जागा देता यावी अशी. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत. त्यानं सुरकुत्या निम्म्या पुसून टाकल्या आणि ते बसणं काढलं.

चादर पप्पांनी काढली. पप्पा म्हणजे दीपकशेठ, सोसायटीचे चेअरमन, आणि घरात कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन त्यांच्याच हातून होतं. ते बघत राहिले. मम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिनंही बघितलं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "हुबेहूब आहेत. पण..."

त्या पणनंतर तिनं परत एकदा चित्राकडं बघितलं. मग म्हणाली, थोडं हसव ना त्यांना.

पप्पांना काय खुपतंय ते त्यांनाही सांगता येईना. आधी म्हणाले रंग डल आहे. मग म्हणाले गळ्यात पोत हवी होती, आपण केलेली. मग चिडलेच. हे चित्र बघून लोक म्हणणार दीपकनं म्हातारीला वरच्या खोलीत टाकून दिली. खोलीत गीझर आहे, टीव्ही आहे, जेवण टायमावर वर जातं, गोळ्या मालन स्वतः मोजून देते. यात खोटं एक अक्षर नव्हतं. आत्याला या घरात कधी काही कमी पडलं नाही, आणि हर्षललाही तसं काही म्हणायचं नव्हतं.

"मी काय कमी केलं सांग ना," पप्पा म्हणाले. "मग ही अशी का दिसती?"

"अशीच बसते आत्या."

"मग वेगळी बसवायची. चित्र तुझं हाय ना."

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. आत्याच्या मागं जी रिकामी भिंत होती तिथं घरच्यांना उभं करायचं. अण्णा, ते, मालन, तेजू, वाटलं तर हर्षलनं स्वतःलाही घ्यावं. ॲक्रिलिक रंग तासाभरात वाळतो हे पप्पांना नेमकं माहीत होतं. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे. मम्मीला हे पटलं. ती म्हणाली, माझी साडी मोरपंखी घे.

तेवढ्यात अण्णा आले. कारभारीअण्णा सकाळचा गंगेवरचा, नदीकाठचा फेरा आटपून येतात आणि कुणाशी न बोलता चहा घेतात. त्या दिवशी काठी तशीच हातात ठेवून चित्रापुढं थांबले. एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे आधीचं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"अक्का कडंला का बसली?"

मग ते हर्षलकडं वळले.

"अशीच बसती का ती, हर्षा?"

"हो अण्णा."

"रोज?"

"मी जायचो तेव्हा तरी रोज."

अण्णांनी मान हलवली. पाहुण्यासारखी, असं काहीतरी पुटपुटले. पप्पा म्हणाले, अण्णा तुम्ही तरी याला समजावा, चार लोकांत कसं दिसंल हे. अण्णा म्हणाले, "मी आणली तिला हितं," आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चहा आत तसाच गार झाला.

आणली हे खरं होतं. आत्याचा नवरा रेल्वेत होता, इगतपुरीला. मूलबाळ नाही. तो गेल्यावर आत्यानं त्याच गल्लीत खोली घेतली आणि बरीच वर्षं काढली. मग अण्णा एका पावसाळ्यात जाऊन तिला घेऊन आले. एकटी बाई त्या पावसात कशी राहणार, लोक आपल्याला काय म्हणणार. एकटी होती का ती तिथं, हे कुणी विचारलं नव्हतं. हर्षललाही हे चित्र काढताना कळलं, कारण आत्या त्या गल्लीबद्दल एवढं बोलायची की कुणाची चूल कुठल्या कोपऱ्यात होती तेही त्याला पाठ झालं होतं.

आता हर्षलनं हट्ट धरला, चित्राला हात लावू दिला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. त्यानं ट्यूबा आणल्या. दिवसभर माणसं कापून काढायची, आता चिकटवायची, एवढंच मनात आलं आणि त्यानं पप्पांच्या शर्टाचा रंग कालवला. आत्यानं चित्र अजून बघितलंच नव्हतं. ती संध्याकाळी सगळ्यांबरोबर बघणार होती. आधी काय होतं ते तिला कळणार नाही, आणि कळलं नाही तर तिला लागणारही नाही, असा त्यानं हिशोब केला.

तेव्हा पप्पांचा फोन वाजला. विंचूरचे चुलते होते. आवाज एकदम खाली.

"दीपक, किती वाजता आहे?"

"सहाला. वेळेवर या."

"सहाला? एवढा वेळ ठेवणार का?"

"ठेवणार म्हंजे? गच्ची आपलीच आहे. जेवण पण आहे."

पलीकडं चुलते कुणाशी तरी कुजबुजले. मग चुलते म्हणाले की एवढं वय झालेलं, सोनंच झालं म्हणायचं, पण लगेच जेवण कसं ठेवलं.

मग उलगडा झाला. तेजूनं सकाळी कुणाला न विचारता चित्राचा फोटो काढून स्टेटसला लावला होता. हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये रंग पिवळट आले म्हणून तिनं तो ब्लॅक अँड व्हाइट केला. खाली लिहिलं, 'आमच्या आत्या', आणि पुढं जोडलेल्या हातांची दोन चिन्हं. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं ती अंघोळ करून आल्यावर लिहिणार होती. तेवढ्या वेळात कुणीतरी स्क्रीनशॉट भाऊकीच्या ग्रुपवर टाकला आणि एकानं लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. पुढच्यांनी तेच उचलून पुढं चालवलं. फार मायाळू होत्या. घरातला आधारवड गेला. एकानं विचारलं, दहावा रामकुंडावर का गावी?

तेजू रडायला लागली. पप्पांनी ग्रुपवर लिहिलं, आत्या सुखरूप आहेत, कार्यक्रम वाढदिवसाचा आहे. चार अंगठे आले. आणि त्या अंगठ्यांच्या खाली मालेगावच्या एका पाहुण्यानं पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

हर्षल तो ग्रुप वरखाली करत बसला. कसं झालं असं एकानंही विचारलं नव्हतं. काल तर बोललो होतो, असंही कुणी लिहिलं नव्हतं, कारण काल काय, कुणी गेल्या दोन-तीन दिवाळ्यांत बोललं नव्हतं. बातमी खोटी वाटावी असं कुणाकडंच काही नव्हतं.

"बघ," पप्पा म्हणाले. "सांगत होतो ना. तुझं चित्रच तसं हाय."

हर्षलनं मोबाइल उलटा ठेवला. पण मम्मीचं मत मात्र बदललं. ती चित्राकडं बघत होती. म्हणाली, चित्राचं काय, फ्लेक्सवरचा हसरा फोटो टाकला असता तरी त्यांनी हेच लिहिलं असतं. पप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू ती दुसऱ्या पार्टीत गेली. मग सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की हे आत्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

तेवढंही जमलं नाही. दुपारच्या जेवणाच्या सुमाराला गेटवर रिक्षा थांबली आणि एक बाई गेटपासूनच गळा काढत आत आली. ठेंगणी, काळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात पिशवी. अण्णा ओट्यावरून उठले. त्यांनी तिला ओळखलं. इगतपुरीच्या गल्लीतली ठमाबाई. आत्याची शेजारीण. तिच्या नातवाच्या मोबाइलवर कुठून कुठून तो फोटो पोचला होता, आणि ती तिकडच्या पावसातून निघून, मिळेल त्या गाडीनं नाशिकरोडला उतरून पत्ता विचारत आली होती.

वरच्या खोलीची बाल्कनी पार्किंगच्या वर आहे. आत्या रडणं ऐकून बाहेर आली आणि वाकून बघायला लागली.

"कोण गेलं गं?" तिनं वरूनच विचारलं.

ठमाबाईनं वर बघितलं. रडणं मधेच तुटलं. ती पायरीवर बसलीच.

"कुसे, तू हायेस?"

"मग? कुठं जाणार मी?"

"तू मेलीस ना."

आत्यानं थोडा विचार केला. "मला कुणी सांगितलं नाय," ती म्हणाली.

हर्षलला हसू आलं. आत्या जिना उतरायला लागली, एरवी कुणाचा तरी हात धरून उतरते, त्या दिवशी कठडा धरून एकटी उतरली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. आत्यानं तिचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. म्हणाली, जिती होते तवर नाय आलीस, मेल्याचं कळल्यावर बरी आलीस. ठमाबाई म्हणाली, एवढ्या मोठ्या बंगल्यात मला कोण आत घेईल असं वाटायचं, मयताला मात्र कुणी अडवत नाय. मम्मी पाणी घेऊन आली होती ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

पिशवीत लुगडं होतं. मयतावर घालायला आणलेलं, नवं कोरं, येवल्याकडच्या काठाचं. ठमाबाईनं ते लपवायला बघितलं. आत्यानं पिशवीत हात घालून काढलं, काठ बोटांत धरून बघितला.

"माझ्यासाठी आणलं ना? मग दे."

मम्मी म्हणाली, आत्या राहू द्या, ते अपशकुनाचं असतं, संध्याकाळसाठी आपण पैठणी आणलीय. आत्या म्हणाली, मेल्यावर नेसले असते तर मला दिसलं नसतं, आता नेसते. आणि लुगडं खांद्यावर टाकून आत आली. आत समोरच चित्र होतं. कुणाला झाकायला सुचलं नाही.

आत्या चित्रापुढं उभी राहिली. हर्षलच्या हातात अजून तो शर्टाचा रंग होता, वाटीत. पप्पा घाईघाईनं सांगायला लागले की हे अर्धवट आहे आत्या, मागं आम्ही सगळे येणार आहोत, तुला एकटी नाही ठेवणार. आत्याला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ठमाबाई मात्र जवळ जाऊन बघत होती.

"हे गं काय बसणं?" ती म्हणाली. "तिकडं कशी बसायचीस, पाय पसरून, रस्त्यानं माणूस जाऊ देत नव्हतीस."

अण्णा दारात होते. त्यांना हे ऐकू आलं, त्या बाजूला त्यांचा चांगला कान होता. ते आत आले नाहीत, खाली बघत राहिले. आत्यानं मागं वळून त्यांच्याकडं बघितलं.

"कारभारी, तुझी काय चूक नाय रं," ती म्हणाली. "बहिणीला कुणी वाऱ्यावर सोडतं का." मग पप्पांकडं वळली. "दीपक, मागं कुणाला उभं करू नको."

"अगं पण आत्या, लोक..."

"एकटी कुठं हाय मी यात? बघ की, कुणाकडं बघतीय."

पप्पांनी बघितलं. चित्रातली आत्या समोर बघत होती, जरा उजवीकडं, खाली. पप्पांना काही कळेना. ते म्हणाले, कुणाकडं, तिथं तर कुणी नाही.

"हर्षल बसायचा तिथं," आत्या म्हणाली. "माझा मैतर."

ठमाबाईनं विचारलं, नातू ना हा? आत्या म्हणाली, नातू तर हायच, नातवंडं लय हायत. हर्षलनं वाटी खाली ठेवली. वरून रंगावर साय धरली होती.

संध्याकाळी चित्र कुणाला दाखवायचं नाही हे आत्यानंच ठरवलं. ज्यांनी तिला सकाळी पोचवून टाकलं त्यांनी फ्लेक्स बघावा, त्यात ती हसतीच आहे, तेवढं त्यांना पुरे. पप्पांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण ते चित्र वरच्या खोलीत न्यायला स्वतः उचलायला धावले. जिन्यात मम्मीनं दुसरी बाजू धरली. खोलीत गेल्यावर कुठं टांगायचं यावरून त्या दोघांचं परत वाजलं. भिंतीवर जिवंत माणूस टांगत नाहीत असं मम्मीचं म्हणणं. शेवटी ते टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं.

चारच्या सुमाराला हर्षल चहा घेऊन वर गेला. ठमाबाई पलंगावर आडवी झाली होती, तोंड उघडं, गाढ. आत्यानं ते लुगडं नेसलं होतं. खाली मांडववाल्यांची ठोकाठोक चालू होती. तो कप ठेवून निघणार, तर आत्या म्हणाली, बस. तो त्याच्या नेहमीच्या स्टुलावर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की चित्र पूर्ण झाल्यापासून तो या खोलीत आलाच नव्हता. आत्या ते बोलली नाही. ती वेगळंच बोलली.

"मी मधी मधी हलायचे ना बसल्यावर, तू वैतागायचास."

"गुडघे दुखायचे ना तुझे."

"गुडघ्याला काय धाड भरली होती. हललं की तू परत पहिल्यापासून काढायचास."

हर्षलला हसायचं होतं. त्यानं चहाच्या कपाकडं बघितलं. मग म्हणाला की मी उद्यापासून दुपारी येत जाईन, नुसता, गप्पा मारायला.

"नुसता नको येऊ," आत्या म्हणाली. "नुसता आलास तर दोन दिवसांत कंटाळशील. तू काय बोलणार माझ्याशी? रंग घेऊन ये."

तो नाही म्हणाला नाही, कारण ते खरं होतं. नुसता आला असता तर तो कंटाळलाच असता, दोन नाही तर चार दिवसांत. ती हे जाणून होती आणि त्यावर तिचा राग नव्हता, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"आणतो," तो म्हणाला. "हे नवं लुगडं नेसून बस. काठ बारीक आहे, त्याला टाइम लागंल."

"किती?"

"लय लागंल आत्या. मी हळू काढीन."

"बघ हं. शब्द देतोस."

"शब्द देतो. लय हळू काढीन."